पॅरिस ते रोम: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि तो दिवस कसा आखायचा

पॅरिसहून रोमला विमानाला किती वेळ लागतो? दोन तास पाच मिनिटं. तिकिटावर हेच असतं आणि बहुतेक वेळा विमान ते पाळतंही. याच आकड्यावर विसंबून मी आई-बाबांच्या युरोप सहलीतली एक अख्खी दुपार घालवली. सकाळी ९:३५ चं विमान, ११:४० ला रोम, म्हणजे दुपारी दोनला कलोसियम आरामात जमेल, असा माझा हिशोब. कलोसियमची तिकिटं नावानिशी आणि वेळेनिशी मिळतात. ती मी कितीतरी आधी काढून ठेवली होती. प्रत्यक्षात पॅरिसच्या हॉटेलमधून आम्ही सव्वासहाला निघालो आणि रोमच्या हॉटेलच्या पायऱ्या चढलो तेव्हा दोन वाजले होते. ७१ वर्षांचे बाबा बूट न काढताच पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मला आज आता कुठे नेऊ नकोस गं." तिकिटं तशीच गेली.

विमान त्या दिवशी फक्त २० मिनिटं उशिरा सुटलं होतं. चूक माझ्या मोजणीत होती. तेव्हापासून युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांमधला प्रवास मी आधी कागदावर मांडते आणि मगच तिकीट काढते. ती मांडणी कशी करायची ते इथे पॅरिस-रोमच्या उदाहरणावरून सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या सहलीत ही दोन शहरं असतातच. बहुतेक वेळा एकातून युरोपात शिरायचं आणि दुसऱ्यातून मुंबईला परतायचं, असा बेत असतो.

पायरी पहिली: अंतर स्वतः काढून बघा

नेटवर पॅरिस-रोम अंतर शोधलं की कुठे १,१०० किमी दिसतं, कुठे १,४०० च्या वर. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेघ. दुसरं रस्त्याचं. मध्ये आल्प्स उभे असल्यामुळे रस्त्याला वळसे घालत जावं लागतं, म्हणून एवढा फरक.

हवाई अंतर काढायला पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ ४९.०१ अंश उत्तर अक्षांश आणि २.५५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रोमचा फ्युमिचिनो ४१.८० उत्तर आणि १२.२५ पूर्वेला. अक्षांशातला फरक ७.२१ अंश. अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही साधारण १११ किमी भरतो, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर झालं ८०० किमी.

रेखांशाचं गणित जरा वेगळं आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात, त्यामुळे एक अंश म्हणजे किती किमी हे तुम्ही किती उत्तरेला आहात त्यावर ठरतं. मुंबईच्या पट्ट्यात एक अंश रेखांश सुमारे १०५ किमीचा असतो. पॅरिस आणि रोमच्या मधोमध, ४५.४ अंश अक्षांशावर, तो ७८ किमीवर येतो. (१११ ला ४५.४ अंशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.७०२ ने गुणायचं.) रेखांशातला फरक ९.७० अंश, गुणिले ७८, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ७५७ किमी.

आता शाळेतला पायथागोरस. ८०० चा वर्ग अधिक ७५७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: १,१०१ किमी. विमानतळ ते विमानतळ अंतर हेच आहे. युरोपातल्या शहरांसाठी ही साधी पद्धत पुरेशी अचूक आहे, मोठी सूत्रं लागत नाहीत. मनात अंदाज बसावा म्हणून सांगते, मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किमी आहे. म्हणजे फ्रान्सच्या राजधानीतून इटलीच्या राजधानीत जाणं हे मुंबईहून दिल्लीला जाण्यापेक्षा किंचित जवळ.

ही रेघ नकाशावर पट्टी ठेवून एकदा जरूर ओढून बघा. ती आल्प्समधल्या मों ब्लां शिखराच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, मग जिनोव्हापाशी समुद्राला भिडते आणि तिथून इटलीच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेने रोमला उतरते. प्रत्यक्ष विमान हवाई वाहतूक नियंत्रण देईल त्या मार्गाने जातं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं. तरी आकाश निरभ्र असेल तर आल्प्स दिसतातच. दुपारचं विमान असेल तर मी जाताना डावीकडची खिडकी घेते. ऊन उजवीकडून येतं, त्यामुळे डावीकडची बर्फाची शिखरं डोळे न दिपता बघता येतात. सकाळी उलट. आईने आल्प्स विमानातूनच पहिल्यांदा पाहिले. काचेला नाक लावून ती दहा मिनिटं काही बोलली नव्हती.

पायरी दुसरी: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

१,१०१ किमी. या मार्गावरची ए३२० सारखी विमानं वर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास वेगाने उडतात. भागाकार केला की सव्वा तासाच्या थोडं वर येतं. मग तिकिटावर दोन तास पाच मिनिटं का?

कारण तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. विमान कंपन्यांमध्ये याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात गेटवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरणं, पुन्हा जमिनीवरून गेटपर्यंत येणं हे सगळं धरलेलं असतं. शार्ल द गोल अवाढव्य विमानतळ आहे. तिथे नुसतं धावपट्टीपर्यंत पोहोचायला पाव तास सहज जातो. शिवाय तिथल्या चारही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. वारा पश्चिमेचा असला की विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग वळून आग्नेयेला, रोमच्या दिशेने लागतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, ते वेगळंच.

मी एक ठोकताळा वापरते: किलोमीटरला ८०० ने भागा, येतील तेवढे तास, आणि वर ४० मिनिटं मिळवा. पॅरिस-रोम: १ तास २३ मिनिटं अधिक ४०, म्हणजे २ तास ३ मिनिटं. पॅरिस-झुरिक सुमारे ४७५ किमी: ३६ अधिक ४०, म्हणजे सव्वा तास. पॅरिस-अथेन्स सुमारे २,१०० किमी: ३ तास १७ मिनिटं. वेळापत्रकाशी ताडून बघा, पाच-दहा मिनिटांच्या पलीकडे फरक सहसा पडत नाही. लंडन हीथ्रोसारखा गजबजलेला विमानतळ असेल तर ४० च्या जागी ५० धरा.

अंतर सांगणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर याच मार्गाला दीड तास किंवा त्याहूनही कमी वेळ दाखवतात. तिथे बहुधा नुसता भागाकार केलेला असतो. त्यावर विसंबून पुढची गाडी पकडायचं ठरवू नका.

रोमहून पॅरिसला परतताना बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. युरोपच्या वर उंचावरचे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते थोडी मदत करतात, येताना अडवतात. हिवाळ्यात हे वारे जोरात असतात.

पायरी तिसरी: घड्याळ

फ्रान्स आणि इटली एकाच वेळेत आहेत, त्यामुळे इथे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की झालं. सगळीकडे तसं नाही. माद्रिदहून लिस्बनला दहाला निघालेलं विमान १०:२० ला पोहोचताना दिसतं. ती २० मिनिटं नाहीत, १ तास २० मिनिटं आहेत, कारण पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. ब्रिटनही एक तास मागे, ग्रीस एक तास पुढे.

घरच्यांना फोन करायच्या वेळा ठरवताना हेही लक्षात असू द्या: उन्हाळ्यात पॅरिस-रोम आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या रविवारी पहाटेचं विमान असेल तर मोबाइलच्या वेळेवर भरवसा ठेवा, हॉटेलच्या भिंतीवरच्या घड्याळावर नको.

पायरी चौथी: कुठलं पॅरिस, कुठलं रोम

स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं नाव वाचायचं. पैसे नंतर मोजायचे.

पॅरिसच्या नावाने तीन विमानतळ विकले जातात. शार्ल द गोल शहराच्या ईशान्येला सुमारे २५ किमीवर. ओर्ली दक्षिणेला, त्याहून बराच जवळ. आणि बोव्हे, जे उत्तरेला ८० किमीच्याही पलीकडे आहे. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीची विमानं बोव्हेवरून सुटतात. तिथे जायला पॅरिसहून बस आहे, तिला सव्वा तास लागतो आणि विमानाच्या तीन तास आधी ती पकडावी असं समजून चाला. पुणेकरांना नवी मुंबईऐवजी नाशिकहून विमान धरायला सांगण्यासारखं आहे हे. तिकीट ३० युरोने स्वस्त असेल, पण दोन्हीकडच्या बसभाड्यात आणि हरवलेल्या तासांत ते भरून जातं. एकट्या विद्यार्थ्याने पाठीवर एक पिशवी घेऊन जावं, वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोमला दोन. फ्युमिचिनो हा मोठा, नैर्ऋत्येला समुद्राकाठी, शहरापासून सुमारे ३० किमीवर. चाम्पिनो लहान आणि जवळ, पण तिथून शहरात थेट रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. त्यामुळे नकाशावर दूर असलेला फ्युमिचिनोच वेळेच्या हिशोबात बरा पडतो.

पॅरिसमध्ये ओर्लीकडे मात्र आता नव्या नजरेने बघायला हवं. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट ओर्लीपर्यंत गेली. तुमचं हॉटेल शहराच्या दक्षिण भागात किंवा या लाइनच्या जवळ असेल, तर ओर्लीहून सुटणारं विमान घ्या, सकाळचा बराच वेळ वाचेल.

शार्ल द गोलला जायला आरईआर बी ही उपनगरी रेल्वे. गार द्यु नोर स्टेशनवरून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते. विमानतळाचं तिकीट साध्या मेट्रोच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं. जानेवारी २०२५ पासून त्याचा एकच ठरलेला दर झाला, तेव्हा तो १३ युरो होता. साधं तिकीट काढून बसलात तर विमानतळावर दारं उघडत नाहीत आणि तपासनीस दंड घेतात. दुसरी गोष्ट, विमानतळावर या गाडीची दोन स्टेशनं आहेत. टर्मिनल १ आणि ३ साठी आधीचं, टर्मिनल २ साठी शेवटचं. चुकून पुढे गेलात तर टर्मिनल जोडणारी छोटी गाडी फुकट आहे, पण दहा-पंधरा मिनिटं जातात. टर्मिनलचा आकडा आदल्या रात्री कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

रोमला उतरल्यावर फ्युमिचिनो ते तेर्मिनी स्टेशन 'लेओनार्दो एक्स्प्रेस' ३२ मिनिटांत नेते, मध्ये कुठेही थांबत नाही. तिचं तिकीट १४ युरो. उतरण्याचं ठिकाण त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्से भागात असेल तर साधी लोकल घ्या, ८ युरोत थेट तिथे सोडते. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर अधिकृत पांढरी टॅक्सी परवडते. शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या पत्त्यासाठी तिचं भाडं ठरलेलं आहे. बसण्याआधी तो आकडा चालकाच्या तोंडून वदवून घ्या.

पायरी पाचवी: दारापासून दारापर्यंत

आता माझा खरा मुद्दा. पॅरिसमध्ये गार द्यु नोरजवळच्या हॉटेलातून निघून रोममध्ये तेर्मिनीजवळच्या हॉटेलात पोहोचायचं आहे, सोबत एक-एक मोठी बॅग आहे, असं धरून हिशोब मांडते.

हॉटेल ते टर्मिनल: चालणं, गाडीची वाट, प्रवास, स्टेशनवरून टर्मिनलपर्यंतचे सरकते जिने. १ तास १५ मिनिटं.
विमानतळावर: २ तास आधी. बॅग देणं, सुरक्षा तपासणी, गेटपर्यंत चालणं.
विमान: २ तास ५ मिनिटं.
उतरणं आणि बेल्टवरून बॅग मिळणं: ४० मिनिटं.
विमानतळ ते हॉटेल: स्टेशनपर्यंत चालणं, गाडीची वाट, ३२ मिनिटांचा प्रवास, पुढे पायी. १ तास ५ मिनिटं.

बेरीज ७ तास ५ मिनिटं.

उड्डाणाच्या दोन तासांना पाच तासांची जोड. हे पाच तास अंतरावर अवलंबून नसतात. झुरिकला जा नाहीतर अथेन्सला, थोड्याफार फरकाने ते द्यावेच लागतात. फक्त हातातली पिशवी असेल तर बेल्टचा वेळ आणि बॅग देण्याची रांग वाचते, पाचाचे चार तास होतात. वयस्कर माणसं, लहान मुलं सोबत असतील तर साडेपाच धरा.

एक गोष्ट या मार्गावर वाचते ती म्हणजे पासपोर्टची रांग. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे देशांतर्गत प्रवासासारखं सरळ बाहेर पडता येतं. पासपोर्ट मात्र हातात ठेवायचाच. विमानात चढताना ओळख पटवायला तो मागतात, आणि आपल्याला कायद्यानेही तो सोबत बाळगावा लागतो. लंडनहून येणार असाल तर हे लागू नाही. ब्रिटन शेंगेनबाहेर आहे, व्हिसा वेगळा, रांगही वेगळी.

मुंबईहून पॅरिसमार्गे रोम असं एकच तिकीट असेल, तर शेंगेनमध्ये प्रवेश पॅरिसलाच होतो. तिथे ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो. मधला थांबा दीड तासाचा असलेलं तिकीट कंपनी विकत असली तरी मी घेणार नाही. अडीच तास तरी हवेत.

सुरक्षा तपासणीत आपल्या लोकांची एक गोष्ट हमखास अडते. हातातल्या सामानात लोणचं, तूप, ओली चटणी हे सगळं द्रवपदार्थात मोजतात आणि १०० मिलीची मर्यादा लावतात. कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या खुशाल न्या. इतक्या छोट्या उड्डाणात पोटभर जेवण मिळत नाही, आणि सव्वासहाला निघालेल्या माणसाला दोनपर्यंत भूक लागतेच.

पायरी सहावी: रेल्वेशी ताडून बघा

पाच तासांच्या त्या ओझ्यामुळे एक सोपा नियम निघतो. रेल्वे शहराच्या मधोमध सोडते आणि स्टेशनवर अर्धा तास आधी गेलं की पुरतं. म्हणून थेट रेल्वेचा प्रवास पाच तासांच्या आतला असेल तर रेल्वे घ्या. पॅरिस-झुरिक थेट गाडी सुमारे चार तासांत पोहोचते. दारापासून दारापर्यंत पावणेपाच तास. विमानाने सव्वाच तास उडूनही त्याहून उशीर होतो. फ्रान्सने तर २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वे उपलब्ध असलेल्या काही देशांतर्गत मार्गांवर विमानंच बंद केली. पॅरिसच्या ओर्लीहून लिऑं, बोर्दो आणि नांतची उड्डाणं त्यामुळे गेली.

पॅरिस-रोमला हे गणित विमानाच्या बाजूने झुकतं. थेट गाडी नाही. पॅरिसच्या गार द लिऑं स्टेशनवरून मिलानला सुमारे सात तास, मिलानहून रोमला वेगवान गाडीने तीन तासांच्या आसपास, मध्ये गाडी बदलायला तासभर. अकरा तास धरून चाला, हॉटेल ते हॉटेल बारा. एक काळजी घ्या: पॅरिसहून येणाऱ्या काही गाड्या मिलानच्या पोर्ता गारिबाल्दी स्टेशनवर थांबतात आणि रोमच्या पुष्कळशा गाड्या चेंत्राले स्टेशनवरून सुटतात. तिकिटावर दोन्ही स्टेशनांची नावं एकच आहेत का ते बघा.

ही रेल्वे आल्प्समधल्या फ्रेज्यूस बोगद्यातून जाते. हा बोगदा १८७१ चा, आल्प्सखालून खणलेला पहिला मोठा रेल्वे बोगदा. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्सच्या बाजूला मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि मार्ग दीड वर्षाहून जास्त बंद राहिला. मार्च २०२५ च्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला. जुन्या लेखांत 'गाड्या बंद आहेत' असं वाचलंत तर ते त्या काळातलं आहे. वेळ असेल तर मी हा प्रवास एका दमात करण्याऐवजी तोरिनोला एक रात्र थांबून करेन. पॅरिसहून तोरिनो पावणेसहा तासांच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन रोम. खिडकीतून जे दिसतं त्यासाठी तो दिवस द्यायला हरकत नाही.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही. १,४०० किमीच्या वर अंतर, न थांबता चौदा तास, टोल भरपूर, आणि इटलीतल्या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे दंड थेट घरी पाठवतात. मों ब्लांचा बोगदाही दुरुस्तीसाठी २०२४ आणि २०२५ च्या शरद ऋतूत तीन-तीन महिन्यांहून जास्त बंद ठेवला होता. गाडीने जायचंच असेल तर चार दिवसांची वेगळी सहल समजून जा.

पायरी सातवी: अंतराचा आकडा खिशात ठेवा

पहिल्या पायरीत १,१०१ काढलं ते नुसतं कुतूहल म्हणून नव्हतं. युरोपीय संघाचा २००४ चा नियम २६१ प्रवाशांच्या हक्कांसाठी हेच हवाई अंतर मोजतो, रस्त्याचं नाही. १,५०० किमीपर्यंतच्या उड्डाणाला विमान कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात, तर माणशी २५० युरो भरपाई मिळू शकते. पॅरिस-रोम या गटात बसतं. पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे याचा संबंध नाही, भारतीय प्रवाशालाही तोच हक्क आहे. दोन तासांहून जास्त उशीर होत असेल तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं, मग कारण काहीही असो.

वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशा कारणांसाठी भरपाई मिळत नाही. विमानातला बिघाड मात्र सहसा सबब ठरत नाही. एकदा आमचं विमान साडेतीन तास उशिरा पोहोचलं होतं. गेटवरच्या पाटीचा, नव्या वेळेसकट, मी फोटो काढून ठेवला, बोर्डिंग पास फेकला नाही, आणि घरी आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज स्वतः भरला. पहिल्या उत्तरात नकार आला. नियमाचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा घालून पुन्हा लिहिलं, तेव्हा पैसे आले. मध्यस्थ कंपन्यांना यातला मोठा हिस्सा द्यायची गरज नाही.

पायरी आठवी: वेळ निवडणं

पहाटेचं विमान स्वस्त असतं. पण आरईआर बी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. सातच्या आधीच्या विमानाला ती उपयोगाची नाही, टॅक्सीच करावी लागते. शार्ल द गोल ते पॅरिस टॅक्सीचं भाडंही ठरलेलं असतं. २०२५ मध्ये सीन नदीच्या उजव्या काठासाठी ५६ आणि डाव्या काठासाठी ६५ युरो होतं. उशिराच्या विमानाचंही तेच: फ्युमिचिनोहून शेवटची लेओनार्दो एक्स्प्रेस रात्री साडेअकराच्या आधी निघून जाते. दहाला उतरणारं विमान तासभर लांबलं आणि बॅग उशिरा आली तर गाडी हुकली.

फ्रान्स आणि इटली दोन्हीकडे वाहतुकीचे संप नित्याचे आहेत. ते आधी जाहीर होतात, म्हणून आठवडाभर आधी एकदा शोधून बघा. इटलीत संपाच्या दिवशीही सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतली उड्डाणं चालू ठेवावी लागतात. तारीख बदलता येत नसेल आणि संपाची शक्यता असेल, तर या पट्ट्यातलं विमान निवडा. सकाळच्या पट्ट्यातलं विमान घेतलं तर मात्र रात्रीची झोप अर्धवट. वयस्कर माणसांसाठी मी एरवी अकरा-साडेअकराचंच घेते.

गेल्या वर्षी मावशी-काकांना घेऊन गेले तेव्हा दिवस असा आखला होता: साडेसातला भरपेट नाश्ता, सव्वाआठला हॉटेल सोडलं, साडेनऊला टर्मिनल, ११:३० चं विमान, १:३५ ला फ्युमिचिनो, तीन-साडेतीनपर्यंत हॉटेल. त्या दिवसाचं एकही तिकीट काढलेलं नव्हतं. काका दोन तास झोपले. संध्याकाळी सहाला चहा घेऊन आम्ही पियात्सा नाव्होनाला गेलो, कारंज्याजवळच्या दगडी बाकावर बसलो. मावशीने पर्समधून उरलेली दशमी काढली, चार तुकडे केले आणि पहिला काकांच्या हातावर ठेवला. कलोसियम दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं होतं.